डक्टकडची खिडकी

१४ एप्रिल
कमाल ३८.९. रेडिओवाला म्हणतो, एप्रिलच्या मध्याला इतका पारा या शहराने आजवर पाहिला नव्हता. सांगताना जणू त्यालाच बक्षीस मिळाल्यासारखा खूश होता.

ही डायरी गॅसच्या दुकानदाराने दिलेली. एसीत भरायचा गॅस त्याच्याकडून घेतो म्हणून दर जानेवारीला एक देतो. आजवर मी एकाही डायरीत अक्षर लिहिलेलं नाही. माझी बायकोच त्यात तिच्या गिऱ्हाइकांची शिवणाची मापं लिहायची. या वर्षीची कोरी पडली होती. आज कामावरून आलो तर घरात बोलायला कोणी नाही, म्हणून घेऊन बसलो. भिंतीशी बोलण्यापेक्षा हे बरं.

ही आज सकाळच्या गाडीने आमच्या पोरीला, चिमणीला घेऊन मोठ्या बहिणीकडे गेली. बहिणीचं गाव डोंगरावर, तिथे एप्रिलमध्येही पंखा लागत नाही. चांगलंच झालं. चिमणीच्या मानेवर घामोळ्यांनी जागा सोडली नव्हती, आणि हीसुद्धा हल्ली फार चिडचिड करायची. चिडचिड म्हणजे बोलायची नाही. तिची चिडचिड तशीच असते.

ठरलेलं काही नव्हतं. काल संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची आजी वर आली. एकटी राहते, दम लागतो. मुलाने परदेशातून पैसे पाठवले म्हणे, एसी लावून दे. म्हटलं, लावू की, त्यात काय! आउटडोअर, म्हणजे गरम हवा बाहेर फेकणारी मशीन, इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये बसेल, बरोबर आमच्या खिडकीखाली. स्वयंपाकघरातून हात घालून बसवून टाकतो, तुमच्याकडून मजुरी कसली घ्यायची? आजीने तोंड भरून आशीर्वाद दिले. ही ओट्याशी भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली एवढं मला आठवतं. मग तिने गॅस बंद केला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. सकाळी उठतो तर बॅग भरलेली.

स्टँडवर विचारलं, "किती दिवस राहणार?"

"बघू."

"उन्हाळा सरेपर्यंत राहा की आरामात."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हो. बघू."

म्हणजे दीड महिना धरून चालू. जूनमध्ये चिमणीची शाळा आहेच.

१७ एप्रिल
३८.२. पारा उतरला म्हणून लोक खूश, पण हवेत ओलावा इतका की अंगावरचा घाम सुकतच नाही. मला ओलावा मोजायला रेडिओ लागत नाही. एसीच्या नळीतून बादलीत पडणारं पाणी बघितलं की कळतं. चांगल्या दिवसात बादली संध्याकाळी भरते, आज दुपारीच भरून वाहिली.

आजीची मशीन काल बसवली. पाना होता सोबत. पाना म्हणजे माझा जोडीदार, कामाला निघाला की नेमका पाना घरी विसरतो म्हणून हे नाव. दिवसभर फोन खणाणत होता. एका घरात तर बाईंनी दार उघडता उघडता माझा हातच धरला, म्हणाल्या, देवासारखे आलात. या दिवसांत डॉक्टरालासुद्धा एवढा मान नसेल.

पाना मला चिडवतो, "दिव्याखाली अंधार! गावभर गारवा वाटतोस, स्वतःच्या घरात पंखा."

खरं आहे. पण कारण साधं आहे. सीझनमध्ये आम्हाला वेळ नसतो, आणि सीझन संपला की गरज नसते. ही पण मागे म्हणाली होती, एसी नको मला, फक्त डक्टमधल्या त्या मशीनचं काहीतरी करा. आता त्यांचं काय करणार? लोकांच्या मशीन आहेत.

पण आज मनाशी ठरवलं. एका गिऱ्हाइकाने जुना एसी काढून टाकलाय. कॉम्प्रेसर ठीक आहे, बाकी दुरुस्त करीन आणि ही यायच्या आत घरात लावीन. सांगणार नाही. दार उघडलं की गार झुळूक अंगावर आली पाहिजे. मग बघू कोण चिडचिड करतं.

२३ एप्रिल
चिमणीचा फोन. "बाबा, इथे पांघरूण लागतं! आईने स्वेटर पाठवायला सांगितलेत. माझे दोन आणि तिचा निळा. आणि माझा रेनकोट."

"रेनकोट कशाला आत्तापासून?"

"मला काय माहीत. बाबा, तू कधी येणार?"

"सीझन संपला की."

"सीझन कधी संपतो?"

"पाऊस पडला की."

"मग रेनकोट लागेलच ना," म्हणाली. वकील व्हायची ही पोरगी.

हिला फोन द्यायला सांगितलं तर अंघोळीला गेली होती. मी तासाभराने पुन्हा केला तर उचलला नाही. डोंगरात नेटवर्कची बोंब असते.

कपाटातून स्वेटर काढले. निळ्या स्वेटरला हिचा वास होता, म्हणून जरा वेळ हातात धरून बसलो. मग पार्सल करून टाकलं.

२८ एप्रिल
३९.७. ही शिवणयंत्र मागतेय!

बहिणीच्या शेजारी कुणाची तरी शिवणाची ऑर्डर आहे, हात मोकळा राहील म्हणाली. मी म्हटलं, पाठवतो की. ट्रान्सपोर्टवाला ओळखीचा आहे, त्याची मशीन मीच बघतो. ऐकून बरं वाटलं. इथे तर वर्षभर तिने यंत्राला हात लावला नव्हता. म्हणजे तिकडे बाई चांगली रमली. रमलेली बायको परत येताना हसत येते.

यंत्र स्वयंपाकघरात डक्टच्या खिडकीशी होतं. घरात दिवसा उजेड येतो तो तेवढाच. लग्न झाल्यावर तिने स्वतःच ती जागा निवडली होती. खालून पाच मजली भिंतींमधून वारा वर यायचा तेव्हा. मला आठवतं, ती पायाने यंत्र चालवत गाणं गुणगुणायची आणि चिमणी पाळण्यात झोपलेली असायची. आज यंत्र उचललं तर फरशीवर चार पायांचे चार पांढरे ठिपके दिसले. ओल्या फडक्याने पुसले, जात नाहीत.

मग दोन वर्षांपूर्वी डक्टमध्ये पहिली मशीन आली, मास्तरीणबाईंची, पहिल्या मजल्यावर. ती मीच बसवली. तेव्हा सगळे म्हणत होते गच्चीवर लावू. मीच म्हटलं, गच्चीवर कशाला? तांब्याची नळी लांब जाते, खर्च वाढतो, गारवा कमी होतो. डक्टमध्ये लावा, बाहेरून दिसत पण नाही. सगळ्यांना पटलं. मग एकामागोमाग एक लागत गेल्या. आता मान बाहेर काढून खाली बघितलं तर सहाच्या सहा माझ्या हातच्या, आधाराची एकही लोखंडी पट्टी वाकडी नाही. दुसरा कोणी असता तर निम्म्या ठिकाणी मशीन नुसती खिडकीच्या सळयांवर टेकवून गेला असता.

दुसऱ्या मशीनच्या वेळी ही म्हणाली होती, "अहो, ही सगळी गरम हवा वर आपल्याकडे येते." चौथ्या मशीनच्या वेळीही म्हणाली. त्यानंतर म्हणाल्याचं आठवत नाही.

२ मे
४०.६! रेडिओ, टीव्ही, पानवाला, सगळ्यांच्या तोंडी हाच आकडा. हवामान खात्याने नोंदी ठेवायला सुरुवात केल्यापासून शहरातला सगळ्यात गरम दिवस. समुद्राकाठी चाळीस म्हणजे आतल्या भागातले पंचेचाळीस, असं पाना सांगत होता. ओलाव्यामुळे. घाम वाळला तरच अंग गार होतं, तो वाळतच नाही.

मला मेल्याला कौतुक वाटलं की एवढा विक्रम झाला आणि ही नेमकी इथे नाही. फोन करून सांगितलं. म्हणाली, "हो, बातम्यांत दाखवलं."

"बघ, वेळेवर गेलीस."

"हो."

"चिमणीची घामोळी?"

"तिसऱ्या दिवशी गेली."

मी म्हटलं, "बरं, ठेवतो, गिऱ्हाईक आहे." गिऱ्हाईक नव्हतं. काय बोलावं तेच सुचेना. आठ वर्षं संसार केला आणि फोनवर बोलायला हवामान सोडून विषय नाही.

५ मे
गडबड झाली. आजीची मशीन दुपारी आपोआप बंद पडते. आज तिसऱ्यांदा. आजी घामाने निथळत जिन्यात बसली होती. मी दुसरी दोन कामं रद्द करून धावलो. म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर?

मशीनमध्ये दोष नाही. मग पानाला घेऊन आमच्या खिडकीतून वाकलो आणि आजीच्या आउटडोअरपाशी थर्मामीटर धरला. बावन्न! वाटलं काटा बिघडला. पानाचा लावला. बावन्नच. मग उजेड पडला. खालच्या पाच मशीनची गरम हवा डक्टमधून वर चढते आणि सरळ आजीच्या मशीनच्या तोंडात जाते. ती बिचारी तीच हवा पुन्हा ओढते, आणखी तापवून वर सोडते. अशाने कॉम्प्रेसर कोंडतो आणि जीव वाचवायला स्वतःला बंद करून घेतो. त्या मशीनची मला खरंच दया आली. काम करायची तयारी आहे, पण श्वासच घेता येत नाही.

पाना तसाच खिडकीत उभा होता. कपाळावरून घामाच्या धारा. म्हणाला, "वहिनी इथेच यंत्रावर बसायच्या ना रे?"

"हो."

"कशा बसायच्या?"

"माणसाला सवय होते बाबा. मशीनला होत नाही."

तो पिशवी उचलून खाली गेला.

संध्याकाळी पानाचं ते वाक्य डोक्यातून जाईना. ओट्याशी उभा राहून भात टाकला. शिटी होईपर्यंत उभा होतो तेवढ्यात बनियन पिळून काढायची वेळ आली. एका भाताला. ती तर सकाळ-संध्याकाळ उभी राहायची. पण एवढं होतं तर नीट बसून सांगायचं ना. मी काय अंतर्यामी आहे?

८ मे
आता मास्तरीणबाईंची आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांचीही मशीन बंद पडायला लागल्या. माझ्या कामाचं नाव जातंय. गच्चीवर सगळ्यांना जमवलं आणि सरळ सांगितलं: सहाही आउटडोअर डक्टमधून काढून गच्चीवर न्यायची. सोसायटीचे सेक्रेटरी नेहमीप्रमाणे उंटावरून शेळ्या हाकत होते, "पावसाळ्यानंतर बघू, आत्ता या उन्हात महिनाभर काम चालेल, लोकांनी काय करायचं?" मी म्हटलं, महिना? तीन दिवसांत करून दाखवतो. आजी म्हणाली, "हा बोलला की करतोच."

खरं सांगायचं तर असं कोणी म्हटलं की मला दहा हत्तींचं बळ येतं.

१२ मे
झालं! खांदे भरून आलेत, बोटं भाजलीत, गच्ची इतकी तापली होती की चपलेचा तळ चिकटत होता. पण झालं. बोललो तसं, तीन दिवसांत. मशीनमधला गॅस ओढून घ्यायचा, खाली काढायची, गच्चीवर नेऊन पट्ट्या ठोकायच्या, नळी वाढवून जोड द्यायचा आणि पुन्हा चालू. पाना आणि मी. शेवटची मशीन चालू झाली तेव्हा आजीने सगळ्यांना सरबत दिलं.

मग घरी आलो आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडली. खिडकीला हात लावायच्या आधी सवयीने तोंड बाजूला घेतलं. पण गरम हवा आलीच नाही. खालून मंद वारा वर येत होता, समुद्राचा खारट वास असलेला. मी किती तरी वेळ तिथेच उभा. डक्टच्या तळाशी कोणी तरी भांडी घासत होतं त्याचा आवाज येत होता. मशीनच्या घरघरीत तो कधीपासून ऐकूच येत नव्हता.

आता ही आली की म्हणेल, अहो, हे काय जादू केलीत! फोनवर सांगायचा मोह झाला. नाही सांगितलं.

१९ मे
३७.१. जुना एसी दुरुस्त झाला. आज बाहेरच्या खोलीत लावला, आउटडोअर अर्थात गच्चीवर. पट्टी ठोकता ठोकता पाना स्वतःशीच पुटपुटला, "बैल गेला नि झोपा केला."

मी म्हटलं, "कसला बैल? उन्हाळा अजून महिनाभर आहे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला रागच आला. पानाचं लग्न झालेलं नाही, त्याला संसारातलं काय कळतं?

तरी लिहितो, कारण इथे कोण वाचतंय. मला भीती वाटते हल्ली. कशाची ते नीट सांगता येत नाही. चिमणी फोनवर नव्या मैत्रिणींची नावं सांगते. कोणत्या वर्गात कोणत्या बाई आहेत तेही सांगते. मी म्हटलं, सुट्टीत कसल्या बाई? तर फोन हिने घेतला आणि म्हणाली, "तिला बडबडायची सवय आहे."

२२ मे
हिचा फोन! स्वतःहून!

"मी सव्वीसला येतेय."

मी उडालोच. "ये ये! स्टँडवर येतो घ्यायला."

"नको. भावोजी सोबत आहेत. चिमणीच्या शाळेत थोडं काम आहे."

"शाळा तर बंद आहे."

"ऑफिस सकाळी उघडं असतं, मी विचारलंय."

बरोबर, नव्या वर्षाची फी, पुस्तकं, हेच काही तरी. माझी बायको असल्या गोष्टी आधीच उरकून घेते. आज दोन कामं सोडून घर झाडलं. ओटा घासला. खिडकीचे गज पुसले तर फडकं काळंकुट्ट झालं, दोन वर्षांची काजळी. चिमणीची गादी एसीच्या समोर टाकली, पण मग वाटलं सर्दी होईल, म्हणून बाजूला सरकवली.

२६ मे
३५.८. आज कुठलाच विक्रम मोडला नाही.

ती आली. अकराच्या सुमाराला. साडूभाऊ खालीच थांबले, त्यांना जिने चढवत नाहीत म्हणाली. ते डोंगरावर राहतात आणि चार जिने चढवत नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

चिमणी सोबत नव्हती. "तिला कशाला एवढ्या प्रवासात."

ही बरी दिसत होती. डोळ्यांखालचं काळं गेलेलं. मी एसी सकाळपासूनच लावून ठेवला होता. ती आत आली, थंड हवा लागली, तिने वर भिंतीकडे पाहिलं. मी म्हटलं, "कसा आहे? आपलाच!" ती म्हणाली, "छान आहे." आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

मी मागून गेलो. खिडकी उघडीच ठेवली होती. ती तिथे उभी राहिली आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसा हात हळूच बाहेर घातला. मग वाकून खाली पाहिलं.

"मशीन कुठे गेल्या?"

"गच्चीवर!" याच क्षणासाठी दोन आठवडे जीभ चावून बसलो होतो. सगळं सांगून टाकलं. आजीची मशीन कशी बंद पडायची, बावन्न डिग्री, सेक्रेटरींची कुरकुर, गच्चीवरचं ऊन, सगळं.

तिने मध्येच विचारलं, "किती दिवस लागले?"

"तीन! लोक म्हणत होते महिना लागेल. मी आणि पाना, तीन दिवसांत सगळ्या वर."

"तीन दिवस," ती म्हणाली.

आणि खाली बसली. यंत्राची जागा होती तिथे, फरशीवर. मला वाटलं चक्कर आली, पाणी आणलं. तिने पेला हातात धरून ठेवला.

"मला वाटायचं फार मोठं काम असेल," ती म्हणाली. "भिंती फोडायला लागत असतील, परवानग्या लागत असतील. दोन उन्हाळे मी स्वतःला हेच समजावत होते. म्हणायचे, त्यांच्या हातात असतं तर त्यांनी केलं असतं. पोरीच्या पाठीला पावडर लावताना तिलाही हेच सांगायचे, बाबांच्या हातात नाही गं ते."

"अगं, पण आता झालं ना!"

"हो. आजीची मशीन बंद पडली म्हणून झालं."

मग ती रडली. मोठ्याने नाही. मी जवळ बसलो, खांद्यावर हात ठेवला. तिने झटकला नाही. मला वाटलं, रडली म्हणजे मोकळी झाली, आता राहील. म्हटलं, "आज राहा. उद्या चिमणीला आणायला मी येतो. सीझन गेला खड्ड्यात."

तिने तोंड धुतलं. पर्समधून एक पाकीट काढून दाखवलं. शाळा सोडल्याचा दाखला. तिकडच्या शाळेत चिमणीचं नाव घातलंय, एप्रिलअखेरीपासून ती तिथे जाऊन बसतेसुद्धा, तिकडे उन्हाळ्याची सुट्टी उशिरा लागते. हिला शिवणाचं काम मिळालंय, बहिणीच्या मागची खोली त्यांनी दिलीय.

"रागावून जाऊ नकोस," मी म्हटलं.

"मी रागावलेली नाही हो. राग होता तेव्हा तुम्ही घरी नसायचात."

"माझं काही चुकलं असेल तर सांग ना. मी दुरुस्त करीन."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही दुरुस्त छानच करता. चिमणीला भेटायला या, वाट बघते ती. या खरंच. पण मला न्यायला येऊ नका."

दारात चपला घालताना तिने एसीकडे पाहून म्हटलं, "बंद करा तो. लाइट बिल येईल." आणि गेली. मी गच्चीवर पळालो. वरून दोघं कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघताना दिसली. साडूभाऊंनी तिची पिशवी धरली होती. गच्चीवर सहा मशीन चालू होत्या, माझी धरून सात. त्यांच्या गरम हवेत मी उभा होतो. हाक मारली, पण एवढ्या आवाजात खाली काय ऐकू जाणार.

२७ मे
कामावर गेलो नाही. पानाला फोन करून सांगितलं, बरं वाटत नाही. त्याने काय झालं विचारलं नाही. म्हणाला, संध्याकाळी जेवण घेऊन येतो.

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. मी तीन का म्हणालो? बढाई मारायची खोड नडली. दोन दिवस तर नुसते तांब्याची नळी शोधण्यात गेले, पट्ट्या कापून आणायला एक दिवस, मीटिंगचा एक. धरलं तर आठवडा सहज होतो. जोर लावून महिना म्हटलं असतं तरी पानाने मान डोलावली असती. महिनाभर उन्हात राबलो, फार अवघड काम होतं गं, कोणाच्याच हातात नव्हतं. एवढं म्हणालो असतो तर ती खिडकीत उभी राहून वारा घेत म्हणाली असती, बरं झालं.

दोनदा नंबर लावला. आठवडा लागला म्हणून सांगायला. दुसऱ्या वेळी तिने उचलला. "हॅलो," म्हणाली. मागे शिवणयंत्र चालू होतं, चिमणी कोणाबरोबर तरी हसत होती. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला. ती म्हणाली, "अहो? जेवलात का?" मी रडायला लागलो. तिनेही फोन ठेवला नाही. पण यंत्र थांबलं.

मग मी फोन ठेवून दिला. सांगून काय उपयोग. ती मला ओळखते, खोटं लगेच पकडते. आणि लागले तीनच होते.